पर्पेतुआ: २२ वर्षांची आई आणि तिनं तुरुंगात लिहिलेली पानं

प्राचीन रोमन साम्राज्यात कोट्यवधी बायका जगल्या आणि गेल्या, पण त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं आपल्या हाती फारच थोडं आलंय. काही कविता, काही पत्रं, कुठे भिंतीवर कोरलेली ओळ. या थोड्यातला एक मजकूर असा आहे, की तो लिहिणाऱ्या बाईला जनावरांपुढे टाकायची शिक्षा झाली होती आणि तिच्या पानापानांवर काळजी होती ती अंगावर पिणाऱ्या बाळाची. तिचं नाव विबिया पर्पेतुआ. ७ मार्च २०३ रोजी कार्थेज शहरात तिला आणि तिच्या सोबत्यांना मारण्यात आलं. आज ही जागा ट्युनिशियात, ट्युनिस या राजधानीला लागूनच आहे.

चर्चमध्ये ती संत पर्पेतुआ म्हणून ओळखली जाते आणि तिचं नाव बहुतेक वेळा फेलिसितास या दुसऱ्या स्त्रीच्या जोडीनं घेतलं जातं. कॅथलिक मिस्साविधीतल्या सर्वांत जुन्या मोठ्या प्रार्थनेत या दोघींची नावं आहेत. हल्ली ती प्रार्थना म्हणताना संतांची यादी थोडक्यात आटोपायची मुभा असते, त्यामुळे वसईच्या किंवा मुंबईच्या चर्चमध्ये नेमानं जाणाऱ्यांच्याही कानावर ही नावं क्वचितच पडतात.

आधी एका शब्दाबद्दल. इंग्रजीतल्या ‘मार्टर’ला मराठीत आपण सहज ‘हुतात्मा’ म्हणतो. त्यात आहुतीची कल्पना आहे. मराठी ख्रिस्ती लोकांचा मात्र वेगळा शब्द आहे: रक्तसाक्षी. मूळ ग्रीक शब्द ‘मार्तिस’ म्हणजे साक्षीदार, कोर्टात उभा राहून जे ठाऊक आहे ते सांगणारा माणूस. रक्तसाक्षी हा शब्द त्या मूळ अर्थाच्या फार जवळ जातो. पर्पेतुआच्या बाबतीत तर तो अक्षरशः लागू पडतो, कारण तिनं खरोखरच न्यायासनासमोर उभं राहून दोन शब्दांत साक्ष दिली आणि त्या दोन शब्दांसाठी तिचा जीव गेला.

आपल्याला हे सगळं कळतं ते एका छोट्या लॅटिन पुस्तिकेतून. आजच्या छापील आवृत्तीत तिची २१ लहान प्रकरणं होतात. सुरुवातीला आणि शेवटी एका अनाम संपादकाचं निवेदन आहे. मधली ३ ते १० ही प्रकरणं पर्पेतुआची. संपादक स्पष्ट सांगतो की हे तिनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मनाप्रमाणे लिहून ठेवलंय. त्यानंतर तिचा सोबती आणि शिक्षक सातुरुस यानं लिहिलेलं एका स्वप्नाचं वर्णन येतं. हे सगळं कुणी एकानंच मागाहून रचलं असेल का, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. पण तिन्ही भागांची भाषा, वाक्यांची लय एकमेकांपासून स्पष्ट वेगळी आहे आणि बहुसंख्य अभ्यासक पर्पेतुआची पानं तिचीच मानतात. मलाही तसंच वाटतं. संपादकाचं लॅटिन नटलेलं, लांबलचक. तिचं साधं, तुटक, एकामागून एक ‘आणि’ जोडत जाणारं. अंधारकोठडीत टाकल्यावर ती एवढंच लिहिते की मी घाबरले, कारण असा अंधार मी कधी अनुभवलाच नव्हता. काय कठीण दिवस तो!

पण या लोकांना पकडलं कशासाठी? त्यासाठी रोमन लोकांचा धर्म म्हणजे काय हे थोडं समजून घ्यावं लागतं.

रोमन माणसाच्या लेखी धर्म ही खाजगी श्रद्धा कमी आणि सार्वजनिक कर्तव्य जास्त होती. देवांचा मान ठेवायचा, सम्राटाच्या क्षेमासाठी अर्पण करायचं, म्हणजे पीकपाणी नीट राहतं, सीमा सुरक्षित राहतात, असा सरळ हिशेब होता. घरी तुम्ही आणखी दहा देव पूजा, कुणाची हरकत नसे. ज्यू लोक एकाच देवाला मानत, पण त्यांचा धर्म पुरातन म्हणून त्यांना सूट होती. ख्रिस्ती मंडळी मात्र कालपरवा निर्माण झालेली, त्यात नगराच्या देवांना हात जोडायला ठाम नकार देणारी. दुष्काळ पडला, साथ आली, की लोकांची बोटं यांच्याकडे वळत.

सरकारी धोरण मात्र विचित्र होतं. सन ११२ च्या सुमारास, आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या एका प्रांताचा अधिकारी प्लिनी यानं सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारलं, या लोकांचं करायचं काय? त्राजाननं कळवलं की त्यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कुणी रीतसर आरोप केला आणि समोरचा ‘मी ख्रिस्ती आहे’ यावर अडून राहिला तर शिक्षा करा. त्यानं नाकारलं आणि देवांना अर्पण केलं, की सोडून द्या. नीट पाहिलं तर या खटल्यात चोरी नाही, मारामारी नाही, पुरावा नाही. सगळा खटला एका नावाभोवती फिरतो: हे नाव तुझं आहे की नाही? आणि ‘नाही’ म्हणायची संधी अगदी शेवटपर्यंत दिली जाते. अधिकाऱ्यांना माणसं मारायची हौस होतीच असं नाही. त्यांना माघार हवी होती.

सन २०३ मध्ये सम्राट होता सेप्टिमियस सेवेरस, स्वतः आफ्रिकेतला, आजच्या लिबियातल्या लेप्तिस मान्या शहरात जन्मलेला. त्यानं नव्यानं ख्रिस्ती व्हायला बंदी घातली होती असं पुष्कळ ठिकाणी ठामपणे सांगितलं जातं. त्याचा आधार म्हणजे बऱ्याच काळानंतर लिहिलेला एक चरित्रसंग्रह, आणि त्यात कल्पित गोष्टींची इतकी भेसळ आहे की इतिहासकार त्यावर सावधपणेच विसंबतात. एवढं खरं, की पकडलेले पाचही जण दीक्षार्थी होते, म्हणजे श्रद्धेचं शिक्षण घेत होते, अजून बाप्तिस्मा झाला नव्हता. रेवोकातुस आणि फेलिसितास हे दोघे गुलाम, सातुर्निनुस, सेकुंदुलुस आणि पर्पेतुआ. त्यांना शिकवणारा सातुरुस अटकेच्या वेळी तिथे नव्हता. त्यानं नंतर स्वतःहून जाऊन त्यांच्यासोबत कैद पत्करली.

पर्पेतुआची ओळख संपादक मोजक्या शब्दांत करून देतो: चांगल्या घराण्यातली, उत्तम शिकलेली, रीतसर लग्न झालेली, वय साधारण २२, आईवडील हयात, दोन भाऊ, त्यातला एक तिच्यासारखाच दीक्षार्थी, आणि कडेवर तान्हा मुलगा. नवरा कुठे आहे? त्याचं नाव, त्याचं काय झालं, काहीच नाही. तिच्या पानांत वडील पुन्हा पुन्हा येतात, आई येते, भाऊ येतात, बाळ तर सतत असतं; नवऱ्याचा उल्लेख एकदाही नाही. या मौनावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्या मौनाचं काय झालं ते पुढे सांगते.

अटक झाली तेव्हा आधी त्यांना पहाऱ्यात ठेवलं होतं. तिथे वडील आले आणि तिनं विचार सोडावा म्हणून समजावू लागले. तिथे जवळच एक भांडं पडलं होतं. तिनं विचारलं, “बाबा, हे भांडं पडलंय ते दिसतंय ना? तांब्या म्हणा, काहीही म्हणा.” ते म्हणाले, “दिसतंय.” “मग ते जे आहे ते सोडून दुसऱ्या कुठल्या नावानं त्याला हाक मारता येईल?” “नाही.” “तसंच माझं. मी जी आहे, ख्रिस्ती, त्याहून वेगळं काही मी स्वतःला म्हणवून घेऊ शकत नाही.”

तो शब्द ऐकताच वडील तिचे डोळे उपटून काढायच्या आवेशानं अंगावर धावले, आणि मग नुसते चिडून निघून गेले. पुढचे काही दिवस ते आले नाहीत, आणि ती प्रामाणिकपणे लिहून टाकते की त्या दिवसांत मला बरं वाटलं. त्याच दिवसांत तिचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांना खऱ्या तुरुंगात हलवलं.

तुरुंगाचं तिनं केलेलं वर्णन मोजक्या ओळींचं आहे, पण त्यात बसलेलं माणूस दिसतं. अंधार. गर्दीमुळे जीव घुसमटवणारा उकाडा. पैसे उकळणारे शिपाई. आणि या सगळ्यावर बाळाची काळजी. तेर्तियुस आणि पोम्पोनियुस हे दोन सेवक कैद्यांची काळजी घेत होते. त्यांनी पहारेकऱ्यांचे हात ओले करून या मंडळींना काही तासांसाठी तुरुंगाच्या जरा बऱ्या भागात नेलं. तिथे तिनं भुकेनं मलूल झालेल्या बाळाला पाजलं. त्याच्या काळजीनं ती आईशी बोलली, भावाला धीर दिला, बाळ त्यांच्या स्वाधीन केलं. आपल्यासाठी घरचे झुरताहेत हे पाहून ती झुरत राहिली. मग बाळाला जवळ ठेवायची परवानगी मिळाली. लगेच तिची तब्येत सुधारली, आणि ती लिहिते की तुरुंग मला एकदम राजवाड्यासारखा झाला, तो सोडून दुसरीकडे कुठे असावं असं वाटेना.

संतचरित्रं पुष्कळ आहेत, पण त्यांत असं वाक्य सहसा सापडत नाही. तिथे देवाच्या भेटीनं तुरुंगाचा महाल होतो. इथे तो बाळ कुशीत आल्यानं झालाय.

भाऊ तिला म्हणाला, ताई, देवाला विचार, आपली सुटका होणार की मरण येणार. तिनं विचारलं आणि त्या रात्री तिला स्वप्न पडलं. आकाशापर्यंत गेलेली ब्राँझची शिडी, एका वेळी एकच जण चढेल इतकी अरुंद. दोन्ही कडांना तलवारी, भाले, आकडे, सुरे लावलेले. लक्ष जरा विचलित झालं की अंग फाटणार. पायथ्याशी प्रचंड अजगर. सातुरुस आधी चढला आणि वरून म्हणाला, येतेस ना, मी वाट पाहतोय. अजगरानं घाबरतच डोकं बाहेर काढलं, आणि ती त्या डोक्यावर पहिल्या पायरीसारखा पाय देऊन वर चढली. वर मोठी बाग. मधोमध धनगराच्या वेषातला पांढऱ्या केसांचा उंच माणूस मेंढ्यांची धार काढत बसलेला. त्यानं मान वर करून म्हटलं, “बरं झालं आलीस, बाळ.” आणि जे दूध काढत होता त्यातला चीजचा घास तिला दिला. तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून तो घेतला, खाल्ला, भोवतालचे सगळे ‘आमेन’ म्हणाले. त्या आवाजानं तिला जाग आली तेव्हा तोंडात काहीतरी गोड अजून चघळत होती.

या स्वप्नात तिच्या आयुष्याचे तुकडे सहज ओळखू येतात. नुकत्याच बाप्तिस्मा झालेल्यांना दूध आणि मध देण्याची चाल त्या काळी आफ्रिकेतल्या चर्चमध्ये होती. कार्थेजचाच लेखक तेर्तुलियन तिचा उल्लेख करतो. ओंजळीत घेणं आणि ‘आमेन’ ही प्रभुभोजनाची रीत. आणि दूध तर तिच्या अंगावर, तिच्या चिंतेत, तिच्या बाळाच्या भुकेत होतंच. सकाळी तिनं भावाला सांगितलं आणि दोघांना कळलं की सुटका नाही.

वडील पुन्हा आले. या वेळी आवेश नव्हता. माझ्या पांढऱ्या केसांची कीव कर, म्हणाले. तुझ्या भावांकडे बघ, तुझ्या आईकडे, मावशीकडे बघ, तुझ्या मागे जगू न शकणाऱ्या त्या लेकराकडे बघ. त्यांनी तिच्या हातांचे मुके घेतले, पायांवर लोळण घेतली, आणि ती लिहिते की रडत रडत त्यांनी मला मुलगी म्हणणं सोडून ‘दोमिना’ म्हटलं. दोमिना म्हणजे मालकीण, बाईसाहेब. ज्या समाजात बापाला मुलांवर जवळजवळ संपूर्ण अधिकार होता, तिथे बाप मुलीला बाईसाहेब म्हणतो. तिला त्याचा विजय वाटत नाही. माझ्या सगळ्या घरात माझ्या मरणाचा आनंद न होणारे ते एकटेच, म्हणून मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, असं ती म्हणते.

एक दिवस जेवणावरूनच उठवून त्यांना सुनावणीसाठी चौकात नेलं. बघ्यांची तोबा गर्दी. प्रांताधिकारी नुकताच वारला होता, त्यामुळे त्याच्या जागी हिलारियानुस नावाचा अधिकारी न्याय करत होता. बाकीच्यांची कबुली झाली. तिची पाळी आली तेव्हा वडील बाळाला घेऊन पुढे आले, तिला पायरीवरून खाली ओढू लागले. हिलारियानुस म्हणाला, “वडिलांच्या पिकल्या केसांची दया कर, लेकराची दया कर. सम्राटांच्या क्षेमासाठी अर्पण कर.” ती म्हणाली, “नाही करणार.” त्यानं विचारलं, “तू ख्रिस्ती आहेस का?” ती म्हणाली, “क्रिस्तियाना सुम.” मी ख्रिस्ती आहे. वडील तरी मागे हटेनात, तेव्हा हिलारियानुसनं त्यांना खाली पाडायला लावलं आणि छडीनं मारवलं. ती लिहिते, जणू मलाच फटका बसला असं मला दुखलं.

सगळ्यांना जनावरांपुढे टाकायची शिक्षा झाली. इथे एक कोडं आहे. ही शिक्षा साधारणपणे गुलाम आणि खालच्या थरातल्या लोकांसाठी असे. कुलीन माणसाला हद्दपारी किंवा तलवारीनं एका घावात मरण. चांगल्या घरातल्या पर्पेतुआला ती का दिली? अधिकाऱ्याला धडा घालून द्यायचा होता की तिचं घराणं संपादक म्हणतो तितकं वरचं नव्हतं, यावर अजून एकमत नाही.

निकालानंतर तिनं पोम्पोनियुसला बाळ आणायला घरी पाठवलं. वडिलांनी द्यायला नकार दिला. आणि पुढचं वाक्य असं, की देवाच्या इच्छेनं बाळानंही पुन्हा अंगावर मागितलं नाही आणि माझी छातीही दाटून तापली नाही. म्हणजे बाळाची काळजी आणि छातीचं दुखणं या दोन्हींतून मी सुटले. अचानक दूध तोडावं लागलं की काय होतं हे आईलाच माहीत असतं. ही पानं दुसऱ्याच कुणीतरी रचली असा युक्तिवाद ऐकते तेव्हा मला हे वाक्य आठवतं.

तुरुंगात तिला आणखी स्वप्नं पडली. तिचा एक भाऊ दिनोक्रातेस सात वर्षांचा असताना चेहऱ्यावरच्या भयंकर व्रणानं गेला होता. तो तिला अंधाऱ्या जागी दिसला, तहानलेला, आणि समोर पाण्याचं टाकं, पण काठ त्याच्या उंचीहून वर. तिनं त्याच्यासाठी रोज रडून प्रार्थना केली. काही दिवसांनी तो पुन्हा दिसला तेव्हा काठ त्याच्या बेंबीइतका खाली आला होता, व्रणाच्या जागी खूण राहिली होती, आणि पोटभर पिऊन तो लहान मुलांसारखा खेळायला निघाला.

शेवटचं स्वप्न मरणाच्या आदल्या दिवसाचं. पोम्पोनियुस तिला रिंगणात आणून सोडतो. समोर लढायला एक धिप्पाड इजिप्शियन. तिचे कपडे उतरवतात आणि ती लिहिते, ‘मी पुरुष झाले.’ अंगाला तेल चोळतात, जशी पैलवानांची तयारी. ती त्याला लाथांनी झोडपते, हवेत उचलली जाते, त्याचं डोकं पकडून त्याला पालथा पाडते आणि डोक्यावर पाय देते. लढत लावणारा उंचच्या उंच प्रशिक्षक सोन्याची सफरचंदं लागलेली हिरवी फांदी तिला देतो, मुका घेतो आणि म्हणतो, “मुली, तुला शांती असो.”

मला इथे थांबावंसं वाटतं. धनगर तिला ‘बाळ’ म्हणतो, हा प्रशिक्षक ‘मुली’ म्हणतो. जागेपणी तिच्या बापानं जो शब्द मागे घेतला होता, तो स्वप्नात तिला दोनदा परत मिळालाय.

त्यानंतर तिनं एकच गोष्ट लिहिली: खेळाच्या आदल्या दिवसापर्यंतचं हे मी लिहिलंय, प्रत्यक्ष खेळात काय होतं ते ज्याला वाटेल त्यानं लिहावं.

पुढचं संपादकानं लिहिलं. फेलिसितासला आठवा महिना होता. रोमन कायद्यानं गरोदर बाईला मरणदंड देता येत नसे, बाळंत होईपर्यंत थांबावं लागे. आपल्या माणसांबरोबर न जाता नंतर अनोळखी गुन्हेगारांच्या घोळक्यात मरावं लागेल याचं तिला दुःख होतं. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि तिला कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं बाळंतपण अवघडच. ती कण्हू लागली तेव्हा एका पहारेकऱ्यानं खिजवलं, आत्ताच एवढी रडतेस, जनावरांपुढे काय करशील? ती म्हणाली, “आत्ता जे सोसतेय ते माझं मी सोसतेय. तिथे माझ्यासाठी सोसणारा दुसरा कुणीतरी माझ्या आत असेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे.” तिला मुलगी झाली. मंडळीतल्या एका बहिणीनं ती आपली लेक म्हणून वाढवली.

फेलिसितास ही पर्पेतुआची दासी होती असं सर्रास सांगितलं जातं. मूळ मजकुरात तसं नाही. ती रेवोकातुसची सोबतीण गुलाम होती एवढंच त्यात आहे. मालक कोण ते लिहिलेलं नाही.

सेकुंदुलुस तुरुंगातच वारला. बाकीच्यांना सम्राटाचा धाकटा मुलगा गेटा याच्या वाढदिवसाच्या लष्करी खेळांत मारायचं ठरलं. वेशीपाशी आणल्यावर पुरुषांना सातुर्न देवाच्या पुजाऱ्यांचे आणि बायकांना सेरेस देवीच्या पुजारणींचे कपडे घालायला लावले. पर्पेतुआ अडून बसली. आम्ही इथवर आपल्या मर्जीनं आलो ते यासाठीच, की आमच्यावर असं काही लादलं जाऊ नये. जीव देतोय तो हे करावं लागू नये म्हणूनच. अधिकाऱ्यानं ऐकलं. जी बाई भांड्याला दुसऱ्या नावानं हाक मारू देत नव्हती, ती दुसऱ्या देवीच्या पुजारणीचं सोंग कसं घेईल?

पुरुषांवर बिबट्या, अस्वल, रानडुक्कर सोडलं. सातुरुसला अस्वलाची सर्वांत जास्त धास्ती होती. अस्वल पिंजऱ्यातून बाहेरच आलं नाही. शेवटी बिबट्याच्या एका चाव्यानं तो रक्तानं न्हाऊन निघाला, तेव्हा लोक ‘साल्वुम लोतुम’ असं ओरडले. सार्वजनिक न्हाणीघरातून अंघोळ करून आलेल्याला म्हणायचं ते वाक्य होतं, ‘छान न्हालास!’ च्या चालीवर. तुरुंगाचा पुदेन्स नावाचा एक अधिकारी या कैद्यांच्या सहवासात श्रद्धावान झाला होता. सातुरुसनं त्याच्या बोटातली अंगठी मागून घेतली, जखमेत बुडवली आणि त्याला परत दिली.

बायकांसाठी मारकी गाय आणली होती. बाईला मारायला मादी, अशी ती क्रूर जोडी लावलेली. दोघींना नागवं करून जाळ्यात गुंडाळून आणलं, तेव्हा गर्दीच हादरली: एक नाजूक तरुणी आणि दुसरी ओली बाळंतीण, छातीतून दूध गळणारी. त्यांना परत नेऊन सैल अंगरखे घातले. गायीनं पर्पेतुआला उडवलं, ती कमरेवर आदळली. उठून बसली तेव्हा अंगरखा कुशीवर फाटलेला. तिनं तो ओढून मांडी झाकून घेतली. मग केसांतला आकडा शोधून विस्कटलेले केस बांधले, कारण मोकळे केस म्हणजे सुतकाची खूण, आणि हा दिवस तिच्या लेखी सुतकाचा नव्हता. मग फेलिसितास खाली पडलेली दिसली, तेव्हा जाऊन तिला हात देऊन उठवलं. कुलीन-गुलाम असलं काही त्या क्षणी उरलं नव्हतं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

शेवटी लोकांनी मागणी केली की यांना मधोमध आणून सर्वांसमोर मारा. सगळे आपण होऊन चालत गेले, एकमेकांना शांतीचं चुंबन दिलं. पर्पेतुआच्या वाट्याला नवशिका ग्लॅडिएटर आला. पहिला घाव हाडावर बसला, ती किंचाळली. मग त्याचा थरथरता हात तिनं स्वतः धरून आपल्या गळ्याशी नेला.

त्या काळी संत ठरवायची आजच्यासारखी चौकशी, कागदपत्रं, रोमची मंजुरी असलं काही नव्हतं. लोक थडग्याशी जमत, दरवर्षी त्याच दिवशी प्रार्थना करत, हकीगत वाचून दाखवत. आपण जिला पुण्यतिथी म्हणतो, तिला ते रक्तसाक्षीचा ‘जन्मदिवस’ म्हणत. रोमच्या ३५४ सालच्या दिनदर्शिकेत ७ मार्चपुढे पर्पेतुआ आणि फेलिसितास यांची नोंद आहे, ‘आफ्रिकेच्या’ असा खुलासा करून. जवळजवळ सगळी रोमच्याच रक्तसाक्षींची नावं असलेल्या त्या यादीत बाहेरची ही नावं शिरली, यावरून त्यांचं नाव किती दूर गेलं होतं ते कळतं. इटलीत रावेन्नाच्या चर्चमधल्या सहाव्या शतकातल्या मोझेकमध्येही त्या दिसतात.

मध्यंतरी गेटाचं काय झालं? २११ साली त्याचा भाऊ काराकाला यानं त्याचा खून करवला आणि साम्राज्यभरच्या शिलालेखांवरून त्याचं नाव खोडून टाकायला लावलं. ज्याच्या वाढदिवसासाठी ही माणसं मारली, त्याच्या नावाला दगडावर जागा उरली नाही. त्यांच्या हकिगतीत मात्र ते राहून गेलं.

ऑगस्टिन हा आफ्रिकेतलाच मोठा धर्मगुरू. दोनशे वर्षांनंतर तो त्यांच्या सणाच्या दिवशी प्रवचनं करायचा. ‘पर्पेतुआ फेलिसितास’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘चिरंतन सुख’, या श्लेषावर त्याचं फार प्रेम. पण लोक या हकिगतीला बायबलइतकाच अधिकार देऊ लागले, तेव्हा हे धर्मशास्त्र नव्हे असं त्याला बजावावंही लागलं. दिनोक्रातेसच्या स्वप्नावरून वाद घालणाऱ्याला त्यानं तेच उत्तर दिलं.

आता त्या नवऱ्याकडे येते. पुढच्या काळात या कथेच्या छोट्या, सोप्या आवृत्त्या निघाल्या. त्यांत संपादकांनी रिकामी जागा भरून काढली: सुनावणीच्या वेळी आईवडिलांबरोबर नवराही बाळाला घेऊन आलाय. आणि पर्पेतुआ काय करते? बाळाला बाजूला लोटते आणि म्हणते, माझ्यापासून दूर व्हा, मी तुम्हाला ओळखत नाही. जिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की बाळ कुशीत आल्यावर तुरुंगाचा राजवाडा झाला, तिच्या तोंडी हे घातलं. लिहिणाऱ्यांना वाटलं असणार की संत म्हणजे अशीच निर्मोही हवी. मला याचा राग येतो, कारण मध्ययुगात याच छोट्या आवृत्त्या जास्त वाचल्या गेल्या आणि तिची खरी पानं मोजक्या हस्तलिखितांत पडून राहिली.

ती पुन्हा उजेडात आली सतराव्या शतकात, इटलीतल्या माँते कासिनो मठात विद्वान लुकास होलस्टेनियसला सापडलेल्या हस्तलिखितामुळे. १८८९ मध्ये जेरुसलेममध्ये ग्रीक रूप मिळालं आणि मूळ लॅटिन की ग्रीक असा वाद रंगला. लॅटिनच आधीचं, असं आता बहुतेक मानतात. १९६९ मध्ये रोमन दिनदर्शिकेत त्यांचा सण पुन्हा ७ मार्चला आला.

पाचव्या शतकातला लेखक विक्टर सांगतो की या दोघींना कार्थेजच्या बासिलिका मायोरुम या चर्चमध्ये पुरलं होतं. पुढे कार्थेजची पडझड झाली आणि ते चर्च मातीखाली गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फादर देलात्र यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा संगमरवरी पाटीचे तुकडे मिळाले. ते जुळवल्यावर अक्षरं लागली: इथे रक्तसाक्षी आहेत, सातुरुस, सातुर्निनुस, रेवोकातुस, सेकुंदुलुस, फेलिसितास, पर्पेतुआ. खाली तारीख, रोमन पद्धतीची, म्हणजे ७ मार्च. रेवोकातुसच्या नावात कोरणाऱ्यानं ‘व’च्या जागी ‘ब’ केलाय, बोलण्यात असेल तसा. पर्पेतुआचं नाव सगळ्यांत शेवटी आहे, फेलिसितासच्या शेजारी, एकाच ओळीत.